फोरमन मला बोलला

६ फेब्रुवारी

दुभाषी साहेबांना सप्रेम नमस्कार.

तुमची माझी ओळख नाही. तुमचा पत्ता मला एका कागदाच्या तळाशी, तुमच्या सहीखाली मिळाला. तो कागद म्हणजे माझ्या भाच्याचा जबाब. तुमच्या शहरात दगड कापायचा जो कारखाना आहे, तिथे तो क्रेन चालवतो. चालवायचा, असं म्हणायला हवं. नोव्हेंबरात त्याने क्रेनने धरलेली लादी खाली सोडली, आणि खाली उभ्या असलेल्या पॉलिशवाल्याचा पाय चिरडला. चौकशी झाली, तेव्हा मराठीतून तिकडच्या भाषेत सांगायला तुम्ही होतात.

भाचा सव्वीस वर्षांचा आहे. घरात आम्ही त्याला गप्पू म्हणतो. गप्पा मारतो म्हणून नव्हे, गप्प बसतो म्हणून. जबाबाची प्रतही त्याने मी तीनदा मागितली तेव्हा पाठवली, सोबत चिठ्ठी दोन ओळींची.

त्याला विचारलं गेलं, माणूस खाली असताना दगड का सोडलास. उत्तर तुमच्याच सुंदर अक्षरात मराठीत असं आहे: ‘फोरमन मला बोलला. म्हणून मी सोडला.’ त्याखाली तिकडच्या भाषेतली ओळ. ती मी आमच्या शेजारच्या नर्सबाईंकडून वाचून घेतली; त्या तिकडे चार वर्षं होत्या. त्यांनी दोनदा वाचून सांगितलं: ‘फोरमन माझ्यावर रागावला. म्हणून मी सोडला.’

साहेब, फोरमन रागावला नव्हता. फोरमनने सांगितलं, सोड. याने सोडला. तुमच्या ओळीमुळे निकालपत्रात आलंय की वरिष्ठाने झापल्याचा राग मनात धरून याने मुद्दाम दगड सोडला. कामाचा परवाना काढून घेतलाय. पोलिसांकडे प्रकरण द्यायचं की काय यावर विचार चालू आहे. फेरतपासणीचा अर्ज ३१ मेपर्यंत करता येतो.

तुम्ही चौकशी समितीला एक ओळ लिहा, की माझ्याकडून चूक झाली. बाकी आम्ही बघतो.

गप्पूची आत्या


२१ फेब्रुवारी

आदरणीय बाई, सादर प्रणाम.

आपले पत्र पोहोचले. आपल्या भाच्याविषयी मला सहानुभूती आहे. परंतु ज्या वाक्याबद्दल आपण लिहिता त्याचे भाषांतर बिनचूक आहे, असे नम्रपणे कळवितो.

‘तो माझ्याशी बोलला’ आणि ‘तो मला बोलला’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात गप्पागोष्टी, दुसऱ्यात कानउघाडणी. माझी आई शेजारणीकडून डोळे पुशीत घरी येई आणि म्हणे, ‘ती मला बोलली.’ काय बोलली, हे तिला कुणी विचारीत नसे. माझ्याजवळच्या शब्दकोशातही हाच अर्थ दिला आहे. पान क्रमांक हवा असल्यास पाठवीन.

इकडच्या भाषेत सांगण्याला एक क्रियापद आहे आणि रागावण्याला निराळे. दोन्हींचा भार एकाच क्रियापदावर टाकण्याची सोय इथे नाही. समोरचा बोलला की मला तिथल्या तिथे एक उचलावे लागते. आपल्या भाच्याला ‘सांगितले’ म्हणायचे होते, तर त्याने ‘सांगितले’ म्हणायला हवे होते.

मी बावीस वर्षे हे काम करीत आहे. आजवर एकही तक्रार आलेली नाही. न केलेली चूक मी लेखी कबूल करू शकत नाही.

आपला,
दुभाषी


८ मार्च

दुभाषी साहेब,

तुमचं पत्र वाचून मी चिडले. चिडले अशासाठी की तुमचं व्याकरण बरोबर आहे. मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. ‘माझ्याशी’ आणि ‘मला’ यांतला फरक मला तुमच्याकडून शिकायचा नाही.

पण इथे आता तसं कोणी बोलत नाही. काल मी मुद्दाम कान देऊन ऐकलं. दवाखान्यातली मुलगी: ‘डॉक्टर मला बोलले, तुम्हाला आधी आत पाठव.’ बसचा कंडक्टर ड्रायव्हरला: ‘साहेब मला बोलला, आज डेपोत लवकर या.’ खाली कपडे इस्त्री करणारा: ‘बाई, तुम्ही मला बोललात ना, शर्टाला कांजी नको?’ मी त्याला जन्मात कधी रागावलेली नाही. दुपारपर्यंत सात वेळा ऐकलं आणि त्यात एकालाही कोणी झापलं नव्हतं. हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झालं. डोळ्यांदेखत झालं आणि कोणाला थोपवता आलं नाही.

तुम्ही ‘कळवितो’ लिहिता. त्यातला ‘वि’ इथे केव्हाच गळून पडलाय. ‘आई येई’, ‘आई म्हणे’ असं शेवटचं कोणाच्या तोंडून ऐकलं ते मला आठवत नाही. आणि ते ‘येई’सुद्धा खूप मागे जुन्या मराठीत ‘येते’ या अर्थी चालायचं. तेव्हाचा एखादा दुभाषी तुमच्या शेजारी बसवला, तर तुमची आई त्याच्या लेखी आत्ता जिन्यातून वर येत असेल. त्याने तसं लिहून खाली सही केली, तर तुम्हाला चालेल?

तुम्ही घर सोडून किती वर्षं झाली?

आणि एक. तुम्ही त्याला ‘काय बोलला?’ एवढंच विचारायचं होतं. दोन शब्द. ते का विचारले नाहीत?

गप्पूची आत्या


३० मार्च

बाई,

अडतीस वर्षे.

माझी पत्नी जाऊन सहा वर्षे झाली. तिच्यानंतर या शहरात माझ्याशी घरात मराठी बोलणारे कुणी नाही. तरी मी रोज सकाळी तासभर मराठी वाचतो, मोठ्याने वाचतो, जीभ जड होऊ नये म्हणून. माझ्या भाषेवर गंज चढला आहे, असे आपल्याला सुचवायचे असेल तर ते स्पष्ट लिहावे.

कंडक्टर चुकीचे बोलतो म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. आपण स्वतः मराठीच्या शिक्षिका असून हे लिहिता, याचे नवल वाटते.

या विषयावरचा पत्रव्यवहार इथे थांबवावा, ही विनंती.


११ एप्रिल

साहेब,

थांबवते. फक्त शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. ‘काय बोलला?’ हे का विचारलं नाही?

३१ मेला सात आठवडे उरलेत.


२४ एप्रिल

आदरणीय बाई,

तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नाही, असे ठरवून मी तुमचे पत्र खणात टाकले. चार दिवसांनी पुन्हा काढले.

उत्तर असे. मुलगा भरभर बोलत होता आणि निम्मे शब्द माझ्या ओळखीचे नव्हते. समितीत पाच माणसे समोर बसलेली. पुन्हा विचारले असते, तर दुभाष्यालाच मराठी कळत नाही, हे त्यांना दिसले असते. एक वाक्य मला स्वच्छ कळले, ‘फोरमन मला बोलला.’ त्या एका वाक्याला मी धरून बसलो.

रविवारी मी त्याला भेटून आलो. एका लाँड्रीच्या वर तिघांची खोली आहे. त्याने मला खुर्ची दिली आणि स्वतः खाटेच्या कडेवर बसला. मी काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, ‘खोली हवेशीर आहे.’

‘हो, नशिबाने भेटली,’ तो म्हणाला.

खोलीला भेटायला हा कुठे गेला होता, असा विचार मनात येऊन गेला. मग उमगले, मिळाली. असे तासाभरात पाच-सहा वेळा झाले. मी मनातल्या मनात धावत होतो आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

निघताना तो म्हणाला, ‘मालकीणबाई काल मला बोलल्या, किती बारीक झालात, खाली येऊन जेवत जा.’

मी विचारले, ‘रागावून बोलल्या?’

त्याने माझ्याकडे असे पाहिले की मला माझीच लाज वाटली. ‘रागावून कशाला? बोलल्या फक्त.’

मी परत खुर्चीवर बसलो. त्याला विचारले, ‘त्या दिवशी मी काय भाषांतर केले, ते तुला कळले होते का?’

‘कळलं होतं. रागावण्याचा इथला शब्द कारखान्यात पहिल्याच दिवशी शिकतो माणूस.’

‘मग तू काही का म्हणाला नाहीस?’

यापुढचे तुम्हाला लिहावे की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. पण तुम्ही मला अवघड प्रश्न विचारलात, तेव्हा मलाही अर्धे उत्तर पाठवता येत नाही. तो म्हणाला, ‘मला वाटलं, मीच चुकीचं बोललो असेन. तुम्ही शिकलेले. आणि आत्या लहानपणापासून हेच सांगायची, हा शब्द तुला वापरता येत नाही. म्हटलं, शेवटी नडला तो शब्द.’

सोमवारी मी समितीच्या कचेरीत गेलो. तीन खिडक्या फिरलो. पहिलीने दुसरीकडे पाठवले, दुसरी जेवायला गेली होती, तिसरीने मला बसवून ठेवले आणि मग सांगितले की दुभाष्याने पाच महिन्यांनी मत बदलले, एवढ्यावर प्रकरण उघडत नाही. त्या शब्दाचा दुसरा अर्थ चालतो, याचा छापील पुरावा लागेल. मी घरी येऊन शब्दकोश उघडला. त्यात माझाच अर्थ आहे. कचेरीच्या ग्रंथालयातला कोश माझ्याहूनही जुना निघाला. इतक्या वर्षांत प्रथमच मी बरोबर असल्याचा मला संताप आला.

तुमच्याकडे छापील काही मिळते का, पाहा. कंडक्टरचा दाखला ते घेणार नाहीत.

दुभाषी


५ मे

साहेब,

तुमचं पत्र मिळालं. दुसऱ्याच दिवशी तीन ग्रंथालयं पालथी घातली. कोशात नाही. नव्या कोशात एका ठिकाणी ‘बोलीत’ म्हणून अर्धी ओळ आहे, पण त्यावरून तुमच्या खिडकीवाल्या बाईंचं समाधान व्हायचं नाही. कथा-कादंबऱ्यांत सापडेल म्हणून दोन दिवस बसले, तर तिथे लेखकांनी किंवा माझ्यासारख्या कोणीतरी मुद्रितं तपासताना सगळीकडे ‘म्हणाला’ करून ठेवलंय. डोकं आपटावंसं वाटलं.

छापील पुरावा माझ्याच कपाटात होता, आणि तो मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तो सांगण्यासारखा नाही.

सतरा वर्षांपूर्वी मी शाळांसाठी बावीस पानांची एक चोपडी केली होती. डावीकडे चुकीचं वाक्य, उजवीकडे बरोबर. शिक्षण खात्याने ती सगळ्या शाळांना लावली. पान चौदा बघा. डावीकडे: ‘सर मला बोलले की उद्या सुट्टी आहे.’ उजवीकडे: ‘सर मला म्हणाले की उद्या सुट्टी आहे.’ खाली बारीक टाइपात माझी टीप: ‘सांगितले या अर्थी बोलले वापरण्याची ही चूक हल्ली सर्वत्र आढळते.’ हल्ली, सर्वत्र, छापील, आणि मुखपृष्ठावर खात्याचा शिक्का.

त्या डाव्या रकान्यातली निम्मी वाक्यं मी कुठून घेतली, ते तुम्ही ओळखलं असेल. गप्पूची आई गेली आणि तो चार वर्षं माझ्याकडे राहायला होता. तेव्हा नऊ वर्षांचा होता. शाळेतून आला की जिन्यातूनच सांगायला सुरुवात करायचा, आज अमुक झालं, तमुक झालं. मी वाक्य मध्येच थांबवून नीट करून घ्यायची. नंतर तो जिन्यातून सांगेनासा झाला. मला वाटलं, मुलगा समजूतदार झाला.

चोपडीच्या दोन प्रती पाठवतेय. सोबत माझं प्रतिज्ञापत्र आहे, की मी एकतीस वर्षं जी चूक खोडत होते ती चूक राहिलेली नाही, लोकांची भाषा आहे. नोटरीने विचारलं, ‘बाई, हे नक्की काय आहे?’ मी त्याला सांगितलं, सही करा.

पोचल्याचं लगेच कळवा.

आत्या


१२ जून

आदरणीय बाई,

अर्ज २८ मेला दाखल झाला, त्याआधी दोनदा परत आला. एकदा छायाचित्राचा आकार चुकला होता, एकदा चोपडीच्या पान चौदाचे भाषांतर कुणी करायचे यावर अडले. मी केलेले चालेना, कारण मी संबंधित व्यक्ती. ४ जूनला सुनावणी झाली.

या वेळी दुभाषी म्हणून एक मुलगी होती, पंचविशीची. मी साक्षीदारांच्या बाकावर. त्यांनी गप्पूला तोच प्रश्न विचारला. तो घाबरला होता, तरी त्याने तेच वाक्य जसेच्या तसे म्हटले. मुलीने डोळेही वर न उचलता ते इकडच्या भाषेत सांगितले, ‘फोरमनने मला सांगितले.’ तिला क्षणभरही थांबावे लागले नाही.

मग तुमची चोपडी हातोहात फिरली. अध्यक्षांनी मला विचारले, ‘म्हणजे हे पुस्तक म्हणते, असे बोलणे चूक आहे?’

‘होय.’

‘आणि लोक असेच बोलतात?’

‘म्हणून तर पुस्तक काढावे लागले.’

निकाल असा. ‘राग मनात धरून’ आणि ‘मुद्दाम’ हे शब्द काढले. पोलिसांकडे प्रकरण जाणार नाही. परवाना परत, परंतु एक वर्ष क्रेनला हात लावायचा नाही. कारखाना त्याला परत घेत नाही. फोरमन म्हणाला, मी काही सांगितलेच नव्हते, नुसता हात वर केला होता. त्याला सक्त ताकीद देऊन सोडले. मी उठून काही म्हणायला गेलो, तर मला खाली बसवण्यात आले.

माझे नाव दुभाष्यांच्या यादीतून काढले आहे. दोन ओळींचे पत्र आले. त्यात चूक काढायला जागा नाही.

गप्पूला एका गोदामात काम मिळाले आहे. तो म्हणाला, भेटले आहे.

दुभाषी


२७ जून

साहेब,

फोरमनला ताकीद आणि तुम्हाला घरी, हे वाचल्यापासून मी दिसेल त्याच्यावर खेकसतेय. तुमच्या अध्यक्षांना एक पत्र लिहून ठेवलंय. ते पाठवायचं की नाही हे अजून ठरत नाही, कारण रविवारी गप्पूचा फोन आला.

एरवी त्याचा फोन दोन मिनिटांचा. बरा आहेस? बरा आहे. जेवलास? जेवलो. या वेळी पाऊण तास. मी त्याचं एकही वाक्य मध्येच तोडलं नाही. सुरुवातीला तर तो ‘आत्या, आहेस ना?’ असं विचारत होता.

तो म्हणाला, ‘फोरमन मला बोलला हे खरंय. पण सोडायच्या आधी खाली बघायचं काम माझं असतं. मी बघितलं नाही. म्हटलं, तो सांगतोय म्हणजे त्याने बघितलं असेल.’

मी विचारलं, ‘हे तू समितीला का सांगितलं नाहीस?’

‘कुणी विचारलंच नाही. पहिल्यांदाही नाही, आताही नाही. सगळे त्या एका शब्दाच्याच मागे होते.’

तुम्ही त्याला दोन शब्द विचारले नाहीत म्हणून मी तुम्हाला फेब्रुवारीपासून धारेवर धरलं. मी तर त्याला काहीच विचारलं नव्हतं. काय झालं ते मला आधीच माहीत आहे, असं धरून मी पत्रांवर पत्रं लिहीत सुटले.

तो त्या पॉलिशवाल्याच्या घरी गेला होता, एकटा. वाक्य पाठ करून गेला. तिकडच्या भाषेतला भूतकाळ त्याला अजून जमत नाही. म्हणाला, ‘मी बघितलं नाही’ म्हणायचं होतं, तोंडून ‘मी बघत नाही’ आलं बहुतेक. मी विचारलं, त्यांना कळलं का? तो म्हणाला, ‘कळलं. मग त्याच्या बायकोने दार लावलं.’

परत जाणार आहेस का, असं मी विचारलं. तो म्हणाला, येत्या रविवारी जाणार, दार उघडेपर्यंत जाणार. ते ऐकून मला त्याचा अभिमान वाटायला हवा होता. मला रागच आला, कोणाचा ते सांगता येत नाही. मी त्याला जाऊ नको म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

तुम्हाला आता रविवार मोकळे असतील. त्याच्याबरोबर जाल का? भाषांतर करायला नको. वाक्य चुकलं तरी त्याचं त्यालाच बोलू द्या, मध्ये पडू नका. नुसते शेजारी उभे राहा. घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि जिन्याला कठडा नाही, असं तो म्हणाला. पॉलिशवाला नोव्हेंबरपासून तो जिना उतरलेला नाही. तुम्ही जपून चढा.

आत्या